पोवळे जिवंत असते तेव्हा

मराठी भाषेत पोवळे फार जुने आहे. पण जिवंत पोवळे तिच्यात क्वचितच आढळते. नवरत्नांत ते आहे, मंगळाच्या अंगठीत आहे, वैद्यांच्या प्रवाळपिष्टीत आहे. नायिकेच्या ओठांना विद्रुमाची उपमा देण्याचा प्रघात संस्कृतातून आपल्याकडे आला आणि वापरून वापरून झिजून गेला. या सर्व ठिकाणी जे पोवळे आपल्याला भेटते, तो एका प्राण्याचा घासून लखलखीत केलेला सांगाडा असतो. गंमत अशी की, संस्कृतातल्या 'प्रवाल' या शब्दाचा एक अर्थ पोवळे असला, तरी दुसरा अर्थ कोवळी पालवी असा आहे. आणि 'विद्रुम' या शब्दात तर 'द्रुम' म्हणजे झाडच येऊन बसले आहे. ज्यांनी हे शब्द घडविले किंवा जुळविले, त्यांना पोवळ्यात वाढणारे, फुटणारे असे काही दिसले असावे. आपल्यापर्यंत येता येता ते वाढणे गळून पडले आणि खडा तेवढा उरला.

आम्ही दोघेही गोंदिया जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवितो. मुंबईचा समुद्र येथून रेल्वेने सुमारे हजार किलोमीटरवर आहे. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांनी समुद्र पाहिलेला नसतो, आणि 'सागर' हा शब्द त्यांच्या कवितांत आला की तो कुठल्या तरी दुसऱ्या कवितेतून आलेला आहे हे लगेच ओळखू येते. विद्रुमाची उपमा शिकविताना आम्हीही इतकी वर्षे अंगठीतल्या खड्याकडेच बोट दाखवीत आलो. जिवंत पोवळे आम्ही पाहिले ते २०२३ च्या मे महिन्यात, तेही समुद्रात नव्हे, तर न्यू जर्सीत राहणाऱ्या आमच्या धाकट्या भावाच्या दिवाणखान्यात.

त्याच्या घरी पाऊणशे गॅलनची, म्हणजे सुमारे २८५ लिटरची काचेची टाकी आहे. तिच्यात खारे पाणी, दोन विदूषक मासे आणि काही प्रवाळ. त्यांतला एक आमच्या नजरेत भरला. त्याला सर्व जण 'हॅमर कोरल' म्हणतात. दगडी फांद्या, प्रत्येक फांदीच्या टोकाला मांसल देह, आणि त्या देहातून निघालेले हिरवट-जांभळे असंख्य शुंडक. प्रत्येक शुंडकाचे टोक हातोडीसारखे, किंवा नांगरासारखे. पाण्याच्या झुळकीबरोबर ते सगळे एका अंगाला झुकत आणि पुन्हा सावरत. आमच्या जिल्ह्यात धान निसवल्यावर बांधीवरून वारा गेला की जे दिसते, ते आम्हांला तेथे पाण्याखाली दिसले.

या जातीच्या नावाचा इतिहासही भाषेच्या माणसांनी जाणून घ्यावा असा आहे. भिंतीसारख्या सलग वाढणाऱ्या हॅमरचे 'युफायलिया अँकोरा' हे शास्त्रीय नाव. त्यातील 'अँकोरा' म्हणजे लॅटिनमध्ये नांगर. शास्त्रज्ञाला नांगर दिसला आणि बाजाराला हातोडी. २०१७ साली जनुकीय आणि शरीररचनेच्या अभ्यासावरून या जातीला 'फिंब्रियाफायलिया' या वेगळ्या प्रजातीत हलविण्यात आले. भावाकडचा हॅमर फांद्यांचा होता. तो तिचाच जवळचा नातेवाईक. नावे बदलली तरी बाजारात आणि पाळणाऱ्यांच्या तोंडी हातोडीच राहिली.

आमचा मुक्काम सात आठवड्यांचा होता. त्यांपैकी अठरा दिवस भावाला सहकुटुंब दुसऱ्या राज्यात जावे लागणार होते. टाकी आमच्यावर सोपविताना त्याने एक वही हाती दिली आणि म्हणाला, "दादा, वहिनी, माशांना एखाद्या दिवशी खायला घालायचे राहिले तरी चालेल. पाणी मात्र चुकवू नका."

त्या वहीत प्रवाळाविषयी फार थोडे होते. बहुतेक सगळे पाण्याविषयीच होते. तापमान २५ ते २६ अंश सेल्सिअस. क्षारता हजार भागांत ३५. अल्कलिनिटी साडेआठच्या आसपास. कॅल्शियम दर लिटरला ४२० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १३०० च्या जवळ. प्रत्येक आकड्यापुढे तारखा, आणि तारखांपुढे त्या त्या दिवशीचे मोजमाप. आम्ही वही चाळली तेव्हा वाटले, या माणसाने प्राणी पाळलेला नाही. त्याने पाणी पाळले आहे आणि प्राणी त्या पाण्यात राहतो आहे.

रोजचे मुख्य काम अगदी साधे होते. टाकीतले पाणी दिवसाकाठी तीन-चार लिटर उडून जाई, तेवढे भरावयाचे. आम्ही प्रथम गृहीत धरले की, खाऱ्या पाण्यात खारे पाणी घालावयाचे असणार. वहीत मात्र ठळक अक्षरांत लिहिले होते : गोडे पाणी. उडते ते पाणी. मीठ मागे राहते. खारे पाणी घालत गेलो, तर टाकी दिवसेंदिवस अधिकाधिक खारट होत जाईल. जे गेले तेवढेच परत द्यावयाचे, जे राहिले आहे ते पुन्हा द्यावयाचे नाही. हे वाचताना आम्ही एकमेकांकडे पाहिले. काळजी घेण्याच्या नादात माणसे बहुधा उलटेच करीत असतात. जे आधीच भरपूर आहे, तेच आणखी घालत राहतात.

अल्कलिनिटी मोजण्यासाठी पाच मिलिलिटर पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात रसायनाचे थेंब मोजून टाकावे लागत. निळे पाणी पिवळे झाले की थेंब थांबवावयाचे आणि आकडा लिहावयाचा. प्रवाळ आपला सांगाडा पाण्यातल्या कॅल्शियम आणि कार्बोनेटमधून बांधतो; म्हणून तो वाढत असेल, तर हे घटक रोज थोडे थोडे कमी होत जातात आणि रोज थोडे थोडे भरून द्यावे लागतात. आकडा साडेआठ असावा की साडेनऊ, याला फारसे महत्त्व नाही. तो आज साडेआठ, उद्या दहा आणि परवा सात असा हिंदकळता कामा नये, याला महत्त्व आहे. समुद्राचा मोठेपणा त्याच्या अचलतेत आहे, आणि २८५ लिटरच्या टाकीत ती अचलता माणसाला रोज हाताने निर्माण करावी लागते.

आणखी एका नोंदीने आम्हांला थबकविले. नायट्रेट पाच ते दहाच्या दरम्यान ठेवावे, शून्यावर जाऊ देऊ नये, असे वहीत होते. माशांच्या विष्ठेतून आणि उरल्यासुरल्या अन्नातून शेवटी नायट्रेट तयार होते. ते फार वाढले तर वाईट, हे कोणालाही कळेल. पण पाणी अगदी निर्मळ केले तर हॅमर फिकट पडतो आणि उपाशी राहतो. याचे कारण त्याच्या देहाच्या आत आहे. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाले राहतात. प्रकाशात ती अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. यजमान त्यांना आसरा देतो आणि आपला टाकाऊ भाग पुरवितो. म्हणजे या एका जिवात प्राणी आहे, वनस्पती आहे आणि त्याने स्वतः रचलेला दगडही आहे. जुन्या शब्दातली ती पालवी अगदीच खोटी नव्हती.

प्रकाश मध्यम हवा, प्रवाहही मध्यम हवा, आणि तो थेट अंगावर येणारा नको. प्रवाह अजिबात नसेल तर देहावर घाण साचते. जोराचा असेल तर मांस आपल्याच सांगाड्याच्या धारदार कडांवर घासून फाटते. शेजाऱ्यांपासून अंतर हवे. दिवसा मखमलीसारखा दिसणारा हा जीव रात्री पंधरा-पंधरा सेंटिमीटर लांबीचे डंखधारी शुंडक सोडतो, आणि टप्प्यात येणाऱ्या दुसऱ्या प्रवाळाला जाळतो. जागेसाठीचे हे युद्ध अंधारात आणि अत्यंत सावकाश चालते.

अकराव्या दिवशी सकाळी सहा फांद्यांपैकी एका फांदीवरचा देह आखडलेला दिसला. दुपारपर्यंत त्यावर तपकिरी रंगाचा, शेंबडासारखा थर आला. भावाला छायाचित्र पाठविले. पाच मिनिटांत त्याचा फोन आला. पाळणारे लोक याला 'ब्राऊन जेली' म्हणतात. हॅमर आणि त्याच्या जवळच्या जातींत हा रोग विशेष दिसतो, आणि निरोगी टाकीतही तो येऊ शकतो. ऊती काही तासांत विरघळत जातात आणि पाण्याबरोबर तो थर शेजारच्या फांदीवर गेला तर तीही जाते. भाऊ म्हणाला, "ती फांदी वाचणार नाही. बाकीच्या पाच वाचवू या."

प्रथम सर्व पंप बंद करावयाचे, म्हणजे थर पसरणार नाही. मग बारीक नळीने तो ओढून बाहेर काढावयाचा. प्रवाळ हळूच हलवून त्याला देह आत घेऊ द्यावयाचा, आणि मग सांगाड्याला धरून वर उचलावयाचे. मांसाला बोट लागता कामा नये. टाकीतल्याच पाण्याने भरलेल्या भांड्यात ठेवून आजारी फांदी खूप खालून, जेथे जिवंत ऊती नाहीत तेथे, मजबूत कटरने तोडावयाची. राहिलेला भाग काही मिनिटे आयोडीन घातलेल्या पाण्यात बुडवून, धुऊन परत जागेवर. आमच्यापैकी एकाने फोन धरला आणि दुसऱ्याने कटर. तुटताना खडू मोडल्यासारखा आवाज झाला. हातात राहिली ती पांढरी, कोरीव, कडा उमटलेली फांदी. अशीच एखादी फांदी आम्ही शोभेच्या वस्तूंच्या दुकानात पाहिली असती, तर 'किती सुंदर' असे म्हणून पुढे गेलो असतो. त्या दुपारी ती सुंदर वाटली नाही.

पाच फांद्या दोन दिवस मिटून राहिल्या. तिसऱ्या दिवशी दिवे लागल्यावर त्यांतल्या दोन उमलल्या, आणि आठवडाभरात पाचही. 'मिटणे', 'उमलणे', 'रुसणे', 'सुकणे' हेच शब्द आम्ही फोनवर वापरीत होतो, आणि ते सगळे फुलांचे शब्द होते. या प्राण्यासाठी आमच्याजवळ दुसरे शब्दच नव्हते. ज्या भाषेत पोवळ्याच्या खड्याचा कस, रंग, दोष आणि वजन सांगायला शब्द आहेत, त्या भाषेत त्याच्या आखडण्याला, रात्री हात लांबविण्याला, एका मुंडीला दोन तोंडे फुटून तिच्या दोन होण्याला आम्हांला नाव सापडेना. ज्याला नाव नाही, त्याचे दुखणे सांगायलाही वेळ लागतो, हे त्या दिवशी आम्ही अनुभवले.

गोंदियाला परतल्यावर आमच्या मुलीने विचारले, "आई, बाबा, आपणही ठेवू या ना असा एक?" तिने माहिती काढली होती. एका मोठ्या शहरातल्या दुकानदाराने फोनवर सांगितले की, हॅमर मिळेल, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत एका रात्रीत घरी पोचेल आणि कागदपत्रांचा काही प्रश्न नाही. या शेवटच्या वाक्यामुळेच आम्ही कागदपत्रे पाहिली. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा आहे. २००१ साली सर्व भित्तिनिर्माते दगडी प्रवाळ त्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले. हॅमर त्याच गणातला. म्हणजे आमच्या नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलातला वाघ ज्या यादीत आहे, त्याच यादीत दिवाणखान्यात ठेवावयाचा हा जीवही आहे. अंगठीतले तांबडे पोवळे मुख्यत्वे भूमध्य समुद्रातून येते आणि ते दुसऱ्याच गटातले. त्याची गोष्ट वेगळी. हॅमरच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाचे नियंत्रण आहे. कागदपत्रांचा प्रश्न होता, आणि तो मोठा होता.

कायद्याने प्रश्न मिटला, तरी आमच्या घरातला वाद मिटला नाही. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की, अमेरिकेतल्या कित्येक टाक्यांतले हॅमर आता समुद्रातून येतच नाहीत. एका पाळणाऱ्याने फांदी तोडून दुसऱ्याला दिलेली असते, जशी आपल्याकडे गुलाबाची कलमे. त्यात समुद्राचे काय जाते? दुसऱ्याचे म्हणणे असे की, पिशवीतला तुकडा कलमाचा की खडकावरून उपटलेला, हे पाहून सांगता येत नाही. आणि जेथे सांगता येत नाही, तेथे विक्रेत्याच्या सोयीचे उत्तरच खरे ठरते.

त्याच जुलैत अमेरिकेच्या फ्लोरिडा किनाऱ्यालगत एका उथळ उपसागरात पाण्याचे तापमान ३८ अंशांच्या वर नोंदले गेले. उष्ण पाण्यात प्रवाळ आपल्या देहातल्या शैवालांना बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. लवकर थंडावा मिळाला नाही तर मरतो. तेथील संवर्धकांनी समुद्रातल्या रोपवाटिकांमधून हजारो प्रवाळ उचलून किनाऱ्यावरच्या टाक्यांत आणले. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी चौथी जागतिक विरंजन-घटना चालू असल्याचे जाहीर केले. आमच्या वादात या बातमीने दोन्ही पारड्यांत वजन टाकले. समुद्र तापतो तेव्हा टाकी आसरा होऊ शकते, आणि अशा वेळी टाकी चालविण्याचे ज्ञान, मग ते हौशी माणसांनी का जमविलेले असेना, उपयोगी पडते. पण आसरा देणे वेगळे आणि आणून ठेवणे वेगळे.

आपल्या महाराष्ट्रातही हा फरक एकदा स्पष्ट दिसला आहे. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या कामात हाजीअली आणि वरळी येथील खडकांवर प्रवाळांच्या १८ वसाहती आढळल्या. ते कोणी दिवाणखान्यात ठेवावेत असे दिखाऊ प्रवाळ नव्हते. तळहाताहून लहान, चटकन नजरेस न येणारे, गढूळ पाण्यात तग धरणारे. कायद्याने ते पहिल्या अनुसूचीतले असल्यामुळे रीतसर परवानगी घ्यावी लागली, आणि २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली ते दुसऱ्या खडकांवर हलविले गेले. मालवणजवळच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. तेथील सागरी अभयारण्य १९८७ चे आहे. म्हणजे जिवंत पोवळे मराठी मुलुखात होतेच. आपल्या वाङ्मयात मात्र ते खड्याच्या रूपानेच राहिले.

येथे आम्हांला आमच्याच जिल्ह्याशी जोडलेल्या एका लेखकाची आठवण होते. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला होते आणि त्या दिवसांवर त्यांनी 'नवेगावबांधचे दिवस' हे पुस्तक लिहिले. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. त्यांनी मराठीला पाखरांच्या वस्तीसाठी 'काकागार', 'सारंगागार' असे शब्द दिले. ते जंगलातल्या माणसांकडून प्राण्यांची, झाडांची नावे ऐकत आणि लिहून ठेवीत. त्यांच्या लेखनामुळे आमच्या पिढीला कळले की, तलावाकाठचा पक्षी हा निव्वळ 'पक्षी' नसतो. समुद्राच्या बाजूने असे काम पुष्कळ व्हावयाचे आहे. तो प्रांत किनाऱ्यावरच्या माणसांचा. पण प्रवाळ शिकविणारे आम्ही मात्र सगळीकडे आहोत.

शेवटी आमच्या घरात टाकी आली नाही. मुलीने मात्र काकाच्या वहीची पाने मोबाईलवर टिपून आणली होती. आमचा जिल्हा तलावांचा. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले, पुढे मालगुजारांकडे गेलेले आणि आता 'मामा तलाव' म्हणून ओळखले जाणारे शेकडो जलाशय येथे आहेत, आणि प्रत्येक गावाला एखादी बोडी आहे. अर्जुनी मोरगावच्या बाजूला मासेमारी करणाऱ्या कुटुंबांनी, त्यांतही स्त्रियांनी, काही तलावांतली बेशरमाची झुडपे उपटून हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया अशा पाण्याखाली वाढणाऱ्या देशी वनस्पती पुन्हा लावल्या. मासे कमी झाले म्हणून त्यांनी नुसते मासे सोडले नाहीत. माशांना लागणारे पाणी आधी परत उभे केले. भावाच्या वहीत आकड्यांच्या भाषेत जे लिहिलेले होते, ते येथे चिखलात उभे राहून केले जात होते.

मुलीने गावच्या बोडीसाठी रकाने आखले आहेत : तारीख, पाण्याची पातळी, पाण्याचा रंग, दिसलेल्या वनस्पती, दिसलेले पक्षी. शेवटचा रकाना तिने नावांसाठी ठेवला आहे. त्यात पुस्तकी नावे लिहावयाची नाहीत, बोडीवर जाळे टाकणाऱ्या बाईंनी सांगितलेली लिहावयाची, असा तिचा नियम आहे. आम्हांला त्यातली निम्मी नावे ठाऊक नव्हती. भावाच्या हॅमरची ताजी खबर अशी आहे की, राहिलेल्या पाचांपैकी एका मुंडीला दोन तोंडे फुटली असून फांदी दुभंगू लागली आहे. या क्रियेला मराठीत काय म्हणावे, असे त्याने विचारले होते. मुलीने उत्तर पाठविले : धानाला फुटतो तसा फुटवा.